पहिल्या नोकरीचा अनुभव कोठून आणावा?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी युवक मेळाव्यात केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी. हातात मीटरपट्टी असली की मी निश्चिंत असतो, ध्वनिक्षेपकासमोर तसा नसतो. तथापि ‘अनुभव नसताना पहिली नोकरी कशी मिळवावी’ हा विषय विश्वस्तांनी दिला, तेव्हा नकार देणे मला शक्य झाले नाही. या विषयात माझ्याकडे एक जमा आहे आणि एक नावे आहे. दोन्ही नोंदी आपणांसमोर ठेवतो.

प्रथम जमेची नोंद. १९८२ साली मी शिवाजी विद्यापीठाचा बी.कॉम. झालो. मामा मुंबईत एका गिरणीच्या कचेरीत होते. निकाल लागताच त्यांच्याकडे जायचे, असे घरात ठरलेले होते. परंतु त्याच वर्षी १८ जानेवारीस गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पावसाळा आला तरी भोंगे बंदच होते. मामांचीच नोकरी अधांतरी, तेथे भाच्याची काय कथा! मी परतलो व सांगली-कोल्हापुरात अर्ज करीत फिरलो. सर्वत्र एकच प्रश्न : “पूर्वी कोठे काम केले आहे?” माझे उत्तरही एकच.

संपामुळे कापडाचे बरेच काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे वळत होते. म्हणून मी इचलकरंजीतील एका पेढीवर कोणतीही ओळख नसताना जाऊन उभा राहिलो. मालकांनी पदवीचा कागद पाहिलाही नाही. नुकताच माल उतरला होता. म्हणाले, “ते तागे मोज आणि आकडा सांग.”

पहिल्या मोजणीत ११८ आले. दुसऱ्या मोजणीत १२०. बिलावरही १२० च होते. मला घाम फुटला. १२० म्हटले असते तर प्रश्नच मिटला असता. पण धीर करून म्हणालो, “मालक, दोनदा मोजले, दोनदा निराळे आले.” ते गादीवरून उठले, स्वतः माझ्याबरोबर मोजू लागले. तागे भरले ११९. म्हणजे माल एक ताग्याने कमी आला होता आणि माझ्या दोन्ही मोजण्या चुकल्या होत्या! दिवाणजींकडे वळून मालक म्हणाले, “जुन्या माणसानं बिल बघून आकडा सांगितला असता. पोराला उद्यापासून येऊ दे.” दरमहा अडीचशे रुपयांवर मी लागलो. पहिले सहा महिने घड्या घालणे, पन्हा मोजणे आणि वसुलीला सायकलवर हिंडणे, एवढेच काम होते. रोजकीर्द हाती आली ती त्यानंतर.

आता नावेची नोंद. पुढे माझे स्वतःचे दुकान झाले. २००९ साली मला हिशेबाला माणूस हवा होता. वृत्तपत्रात जाहिरात दिली : ‘अनुभवी पाहिजे’. हा शब्द मी विचार करून घातला नव्हता. सगळेच घालतात म्हणून घातला. एक मुलगी आली. खेड्यातून एस.टी.ने आलेली, बी.कॉम. प्रथम वर्ग. मी विचारले, “अनुभव?” ती म्हणाली, “काका, सगळे अनुभव मागतात. पहिला अनुभव द्यायचा कोणी?” मजजवळ उत्तर नव्हते. ‘कळवतो’ म्हणालो आणि कळविले नाही. त्याच महिन्यात चुलतभावाच्या मुलाला घेतले. त्यालाही अनुभव नव्हता. त्याला मी तो प्रश्न विचारलाच नाही.

बंधूंनो, आपल्या समाजात पहिली नोकरी बहुधा ओळखीने मिळते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण ज्याची ओळख आहे त्याला अनुभव माफ आणि ज्याची नाही त्याच्यापुढे अनुभवाची भिंत, हा हिशेब जुळत नाही.

त्या दिवसानंतर काही काळाने मी प्रश्न बदलला. आता मी उमेदवाराला विचारतो, “गल्ल्याच्या मेळात २७ रुपयांचा फरक येतो आहे. आधी काय पाहाल?” ज्याने पुस्तक मन लावून वाचले आहे तो सांगतो, की फरकास ९ ने भाग जातो, तेव्हा कोठेतरी आकडे उलटे पडले असावेत, ५८ चे ८५ झाले असतील. संगणकात नावे-जमा दोन्ही बाजू आपोआप जुळतात हे खरे, परंतु टंकणाऱ्याने ५८ चे ८५ केले तर गल्ल्यातील रोकड जुळत नाही. एवढे ज्याला सुचते, त्याला मी दुसरे काही विचारीत नाही.

तरुणांनो, आपण अर्जात ‘अनुभव : नाही’ असे लिहिता, ते पुष्कळदा खरे नसते. चातुर्मासात आपल्यापैकी कित्येकांनी भोजनशाळा सांभाळली आहे. तीनशे पानांचा शिधा काढणे, वाण्याच्या पावत्या लावणे, उरलेला शिधा परत करून पैसे वळते करून घेणे, हे सारे काम नव्हे तर काय? किती दिवस, किती पाने, किती रक्कम, असे आकड्यांनिशी एका पानावर लिहा आणि ज्या विश्वस्तांनी ते पाहिले त्यांचे नाव खाली द्या. व्यापारी माणूस विशेषणे वाचीत नाही, आकडे वाचतो.

सरकारी वाटाही आहेत. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. त्याखाली केंद्राने २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आणली. आपल्या राज्याने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, तीत प्रारंभी सहा महिन्यांसाठी बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आय.टी.आय. वा पदविकाधारकास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरले होते. सी.ए. करणाऱ्यांची आर्टिकलशिप २०२३ च्या नव्या अभ्यासक्रमापासून तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. विद्यावेतन थोडे म्हणून नाक मुरडू नये. ते दिवस पुढील अर्जात मोजले जातात.

एक मात्र कळकळीने सांगतो. अनुभवाचा खोटा दाखला विकत घेऊ नका, तो देणारे ओळखीचे असले तरीही. भविष्य निर्वाह निधीचा यू.ए.एन. क्रमांक २०१४ मध्ये आला. निधी भरणाऱ्या आस्थापनेत माणूस कधी होता, ते त्यावरून तपासता येते. आणि नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याच्या दारात उभे राहू नका.

व्यापारी बंधूंना माझी विनंती लहान आहे. प्रत्येक पेढीवर वर्षातून एक जागा अनुभव नसलेल्यासाठी ठेवावी, सहा महिन्यांची, आणि पगारी. ‘शिकतोय ना, मग पगार कशाला’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे, एकदा स्वतःही म्हटले आहे. बसभाडे आणि डबा ज्याला परवडतो तोच मग फुकट शिकतो, आणि खेड्यातून एस.टी.ने येणारी मुलगी पुन्हा बाहेरच राहते.

तिचे नाव-पत्ता मी तेव्हा लिहून घेतला नव्हता, त्यामुळे ती कोठे आहे हे मला शोधता आले नाही. माझ्या दुकानात येत्या एक तारखेपासून हिशेबाची एक जागा रिकामी होत आहे. जाहिरातीत ‘अनुभवी’ हा शब्द नाही. सकाळी अकराच्या आत यावे, दुपारी गिऱ्हाइकांची गर्दी असते.