पेटीचा चौथा कोपरा



सुतार आणि मशीनधारकांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही एका सुताराला दिलंत. अशा भाषणात धंद्याच्या भवितव्यावर बोलायची रीत आहे. मी मात्र एका पेटीविषयी बोलणार आहे. शोरूममध्ये माल मांडायला ठेवतात तशी मोठी पेटी: कोपऱ्यांना ४५ अंशांचे सांधे आणि बाहेरून प्लायची एकही कड न दिसणारी. या कामावरून गिऱ्हाईक, सुतार आणि सीएनसीवाला, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या राऊटरचा मालक, यांच्यात होणारी भांडणं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

लहान डबा चूक पोटात घालतो, मोठी पेटी घालत नाही. प्रत्येक कट पाव अंशाने चुकला, तर कोपऱ्यात अर्धा अंश जातो. १२०० मिलिमीटर लांबीच्या फळीच्या दुसऱ्या टोकाला त्याचे दहा मिलिमीटर होतात. तीन कोपरे कसेबसे जुळवता येतात. सगळी थकबाकी चौथ्यावर निघते.

अशा कामात करवतीपेक्षा राऊटरचा फायदा खराच मोठा आहे. आठ बाय चारचा जड तक्ता कलत्या पात्यावरून ढकलताना जरासा उचलला गेला, तरी कट सरकतो. राऊटरवर तक्ता बेडवर निजलेला असतो आणि मशीन फिरतं. पण तक्ता बेडला टेकलाय की मधे फुगलाय, हे मशीनला कळत नाही. नव्वद अंशांच्या व्ही-बिटने, म्हणजे व्ही आकाराच्या टोकदार पात्याने, कापताना पेटीची बाहेरची बाजू खाली असते आणि बिटाचं टोक बेडलगत जातं. ४५ अंशांत खाली-वर झालेला फरक तेवढाच आडवा उतरतो. तक्ता अर्धा मिलिमीटर उचललेला असेल, तर त्या टोकाला बाहेरचं माप अर्धा मिलिमीटर कमी भरतं. म्हणून बिटाच्या उंचीचा शून्य बेडवरून घ्यावा, प्लायच्या पाठीवरून नव्हे. १८ मिलिमीटर म्हणून घेतलेला प्लाय नेमका तेवढा भरेलच असं नाही. बेडवरून शून्य घेतला, तर तो फरक पेटीच्या आत जातो, बाहेरचं माप सुरक्षित राहतं.

कोनाची चूक दोन ठिकाणांहून येते आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. बिटच नव्वदचं नसेल, तर चूक आठही कटांत एकाच बाजूची होते आणि साठत जाते. बिट फिरवणारा स्पिंडल कललेला असेल, तर डावा कट जितका जास्त, तितका उजवा कमी. डाव्याला उजवा जोडला की बेरीज पुन्हा नव्वद. मात्र त्यासाठी चारही बाजू बेडवर एकाच दिशेने मांडायला हव्यात. प्लाय वाचवायला एखादी फळी आडवी फिरवून बसवली, की हा मेळ बिघडतो. संगणकाने सुचवलेली काटकसरीची मांडणी सुताराने एकदा डोळ्यांखालून घालावी, ती यासाठी.

बिटाच्या अगदी टोकाला कापण्याचा वेग जवळजवळ शून्य असतो. तिथे लाकूड कापलं न जाता घासलं जातं आणि नेमकी दिसणारी धार फुटते. आधी साध्या बिटाने माल काढावा, खाली कोरा एमडीएफ ठेवावा आणि शेवटचा हलका हात व्ही-बिटाने फिरवावा. पुढची सोय देखणी आहे. खाचेची रुंदी बाहेरच्या पृष्ठभागावर शून्य असते, त्यामुळे पात्याच्या जाडीइतकं विनिअर वाया जात नाही. ७०० बाय ५०० ची पेटी २४०० मिलिमीटरच्या एकाच पट्टीतून निघते. बाहेरून टेप लावून दुमडली, की लाकडाच्या रेषा कोपरा वळून सलग पुढे जातात. रेषा तुटतात त्या चौथ्या कोपऱ्यात. तो भिंतीकडे करावा.

आणि सगळ्या कडांना ४५ अंशांचे सांधे असलेली बंद पेटी सलग सागवानात कुणी मागितली, तर नाही म्हणायला शिका. पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. झाकणाची रुंद फळी सांधे उकलल्याशिवाय राहत नाही. हे मशीनला ठाऊक नसतं, आणि केवळ बटणं शिकलेल्या मुलालाही नसतं.

१९५२ साली अमेरिकेत एमआयटीने सीएनसीचं पूर्वज असलेलं, आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं, ते धातूसाठी. धातू पावसाळ्यात फुगत नाही. लाकडासाठी सीएनसीशेजारी सुतार उभा हवा. आज आपण फायली पाठवतो, कापलेले तुकडे आणतो आणि फट दिसली की एकमेकांकडे बोट दाखवतो.

म्हणून या अधिवेशनापुढे मी दोन सूचना ठेवतो. बेड सपाट करणं, बिट तपासणं आणि दोन तुकडे जोडून गुण्या लावून पाहणं, ही कुशल मजुरी समजावी आणि बिलात तिची वेगळी ओळ असावी. आज ती मशीनच्या तासात बुडते, म्हणून घाईत टाळली जाते. दुसरी सूचना मशीनधारकांना: ऑपरेटर नेमाल, तेव्हा त्याला आधी हाताने एक पेटी जोडायला लावा. चारही कोपरे ज्याने स्वतः मिटवलेत, त्याच्याच हाती मशीन द्या.