धमनी उघडली, पण रक्त पोचलं का?



हार्ट अटॅक येतो, धावपळीत अँजिओप्लास्टी होते, आणि डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "ब्लॉकेज निघालं." घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण कालव्याला पाणी सोडलं म्हणजे ते टेलच्या शेतकऱ्याला मिळालंच असं नसतं, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. मोठी धमनी मोकळी झाली, तरी तिच्या पुढच्या केसाहून बारीक वाहिन्या सुजलेल्या, तुंबलेल्या असू शकतात.

जपानच्या डॉ. हिरोशी इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हे दाखवून दिलं. बंद धमनी उघडल्यावर लगेच त्यांनी तिच्यात सूक्ष्म बुडबुडे सोडले आणि इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर पाहिलं. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत ते हृदयाच्या स्नायूत नीट शिरलेच नाहीत. आणि अँजिओग्राफीत तर धमनी उघडी दिसत होती! अशांच्या हृदयाची ताकद पुढे फारशी परतली नाही.

आता बुडबुडे थेट धमनीत सोडावे लागत नाहीत, हाताच्या शिरेतून दिले तरी पुरतं. बहुतेक बुडबुडे रक्तातल्या तांबड्या पेशीहून लहान. आत जड वायू, भोवती स्निग्ध पदार्थाचं किंवा प्रथिनाचं कवच. इकोच्या ध्वनिलहरी लागल्या की ते थरथरतात आणि पडद्यावर पांढरे चमकतात. खरी गंमत पुढेच आहे. तपासणारा क्षणभर लहरींचा जोर वाढवतो, स्नायूतले बुडबुडे फुटतात, चित्र काळवंडतं. मग बघत बसायचं, पुन्हा उजळायला किती वेळ लागतो ते. रुग्ण शांत पडून असताना निरोगी स्नायू पाचेक सेकंदांत भरतो. जो भाग काळाच राहतो, तिथे रक्त पोचत नाही.

बुडबुड्यांतला वायू नंतर श्वासावाटे निघून जातो. अँजिओग्राफीच्या डायमध्ये असतं तसं यात आयोडीन नाही, त्यामुळे किडनीला त्रास नाही. ॲलर्जी क्वचित होते, तिची औषधं हाताशी ठेवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये ताज्या अटॅकच्या रुग्णांना हे बुडबुडे वर्ज्य ठरवले आणि २००८ मध्ये ती बंदी उठवली. मला तरी पहिला निर्णय घाईचा वाटतो.

बुडबुड्यांचा आणखी एक उपयोग आहे. अटॅकनंतर हृदयाच्या कप्प्यात टोकाशी कधीकधी रक्ताची गुठळी धरते. लठ्ठ माणसात साध्या इकोला तो कोपरा धूसर दिसतो. बुडबुड्यांनी कप्पा उजळला की गुठळी काळी उठून दिसते, आणि ती सुटून मेंदूकडे जाण्याआधी रक्त पातळ करणारी औषधं सुरू करता येतात.