नव्या धान्याचे सहभोजन
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस प्रथम विनम्र अभिवादन करतो. कार्यकारिणीने आम्हाला दिलेला विषय साधा आहे. आश्विन महिन्यात आपली संस्था जे सहभोजन करते ते कसे सुरू झाले, ते कसे करावे आणि मुळात का करावे, एवढेच सांगायचे आहे. जेवणावर काय भाषण करायचे, असे कोणाला वाटेल. आम्हालाही तसेच वाटत होते. परंतु तीन वर्षांच्या अनुभवाने आमचे मत बदलले.

आधी दिवसाचा विचार करू. आषाढ पौर्णिमेला सुरू झालेला वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो. तीन महिने एका ठिकाणी राहिलेला भिक्खू संघ त्या दिवशी पवारणा करतो. म्हणजे प्रत्येक भिक्खू संघापुढे विनंती करतो, की माझ्यात काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका आली असेल, तर मला सांगा. त्यानंतरच्या महिन्यात कठीण चीवरदान होते. याच्या पाच दिवस आधी अशोक विजयादशमी येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्याच तिथीला बाबासाहेबांनी नागपूरला आपल्याला धम्माची दीक्षा दिली. त्याआधी एकवीस वर्षे, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आपल्याच नाशिक जिल्ह्यातील येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली होती. हेच दिवस शेतकऱ्याच्या सुगीचे. मूग-उडीद घरात आलेले असतात, बाजरीची कणसे खुडली जातात, भुईमूग उपटला जातो, इगतपुरी-त्र्यंबककडे हळव्या भाताची कापणी लागते. धम्माचे दिवस आणि धान्याचे दिवस असे एकत्र येतात. म्हणून या दिवसांत सर्व कुटुंबांनी आणि स्नेह्यांनी एकत्र बसून नव्या धान्याचे जेवावे, अशी कल्पना पुढे आली.

पहिल्या वर्षी आम्ही सोपा मार्ग धरला. प्रत्येक कुटुंबामागे तीनशे रुपये वर्गणी ठरवली, आचाऱ्याला काम दिले, पावती पुस्तके छापली. पुरी-भाजी, मसालेभात, जिलेबी असा बेत झाला. लोक आले, रांगेत उभे राहिले, ताटे घेऊन आपापल्या ओळखीच्या कोंडाळ्यात जेवले आणि निघून गेले. अन्न उरले ते उरलेच. जमाखर्च चोख होता, त्यामुळे आम्ही समाधानी होतो. आम्ही बँकेत क्लार्क, हिशेब जुळला की आम्हाला सर्व काही जुळल्यासारखे वाटते!

पुढच्या बैठकीत एका विद्यार्थ्याने दोन प्रश्न विचारले. पहिला असा, की आमच्या गल्लीतली चार घरे का आली नाहीत, हे तुम्ही पाहिले का? आम्ही चौकशी केली. त्या घरांत तीनशे रुपये द्यायला नव्हते, आणि वर्गणी न देता जेवायला येणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. दुसरा प्रश्न अधिक बोचरा होता. पत्रिकेवर ‘मित्रपरिवारासह’ असे छापले होते. तो म्हणाला, “सर, यात मित्र कोण? यादीत सगळी आपलीच घरे आहेत.” खरेच, शेजारच्या वस्तीतले मातंग बांधव नव्हते, चर्मकार बांधव नव्हते, आमच्या कचेऱ्यांतले इतर समाजांचे सहकारी नव्हते. जातिव्यवस्थेवर तावातावाने बोलणाऱ्या आम्ही मंडळींनी आमंत्रणे मात्र जात पाहूनच दिली होती. कोणी तसे ठरवले नव्हते. न ठरवताच ते झाले, आणि जात चालते ती अशीच.

म्हणून दुसऱ्या वर्षी वर्गणी रद्द केली. ज्याने त्याने घरातून जमेल तो शिधा आणावा, तो एकत्र करून सर्वांनी मिळून रांधावे, असा ठराव मांडला. तेव्हा आपल्यातले एक ज्येष्ठ, वयाने ऐंशीच्या पुढचे आबा, उठून उभे राहिले. ते म्हणाले, “सुगीत खळ्याच्या कडेला पाटी घेऊन उभा राहिलेला पोर आहे मी. पाटलाचे धान्य उफणून होईपर्यंत थांबायचे आणि मग मिळेल ते मातेरे घेऊन यायचे. बाबासाहेबांनी ते सोडवले. आता तुम्ही पुन्हा धान्य गोळा करता?”

सभागृहात कोणी बोलले नाही. आमची आजीही हेच सांगत असे. बलुते हा कागदोपत्री हक्क होता, पदरात मात्र भीक म्हणून पडत असे. वर्षभर गावकी राबायची, आणि सुगीत स्वतःचा वाटा हात पसरून घ्यायचा. शेतात सांडलेल्या कणसांचा सरवा वेचायचा. ही महारकी मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट झाली ती १९५८ च्या कायद्याने, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. तेव्हा सुगी हा शब्द ऐकून आबांच्या मनात आनंद येत नसेल, तर चूक त्यांची नाही. तरुणांनी हे समजून घेतले पाहिजे. आपल्यासाठी सण असलेला दिवस आपल्याच वडीलधाऱ्यांसाठी अपमानाचा दिवस होता.

आम्ही आबांना उत्तर दिले नाही. ठरावातच बदल केला. दारोदार फिरून धान्य मागायचे नाही. प्रत्येकाने आपल्या हाताने आणायचे आणि सतरंजीवर एकाच राशीत ओतायचे. कोणी किती आणले ते मोजायचे नाही. राशीत पडले की ते सर्वांचे.

मित्रहो, धान्यदान आणि संघाचे भोजन ही आपल्यासाठी नवी गोष्ट नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या गावालाच आहे. त्रिरश्मी लेण्यांत दहाव्या क्रमांकाचे लेणे विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे. क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख तेथे आहेत. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. एका लेखात तो सांगतो, की त्याने चार हजार कार्षापणांना एक शेत विकत घेतले आणि या लेण्यात राहणाऱ्या, चारी दिशांकडून आलेल्या भिक्खू संघाच्या अन्नासाठी ते दिले. दुसऱ्या लेखात त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव ठेवल्याची नोंद आहे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत, असे लेखात कोरले आहे. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस! हिशेब बरोबर जुळतो. वर्षाला बारा टक्के व्याज आज आमच्या काउंटरवर कोणी मागितले तर आम्ही हात जोडू, परंतु ठेवीची ही पद्धत आम्हाला परकी वाटत नाही.

यातून काय घ्यायचे? त्या शेताचे अन्न चारी दिशांच्या संघासाठी होते. कोण कोठून आला, हे विचारायचे नव्हते. खळ्यावरचे मातेरे आणि लेण्यातले भोजन यांतला फरक हाच. धान्य दोन्हीकडे दुसऱ्याच्या शेतातले होते. एका ठिकाणी देणारा उंच उभा होता आणि घेणारा वाकलेला होता. दुसऱ्या ठिकाणी देणारा वाकून देत होता.

आता सहभोजन कसे करावे, याविषयी. इतर शाखांतील कार्यकर्ते विचारतात म्हणून तपशील सांगतो. दीडशे माणसांचा अंदाज धरावा. माणशी दोन याप्रमाणे तीनशे बाजरीच्या भाकऱ्या लागतात. किलोभर पिठात मध्यम आकाराच्या दहा भाकऱ्या होतात, म्हणजे तीस किलो पीठ. बाजरीचे पीठ लवकर कडू होते, म्हणून आदल्या दिवशीच दळावे. तांदूळ दहा किलो, मुगाच्या आमटीला डाळ पाच किलो, भोपळा-वांगी-गवार मिळून वीस किलो, चटणीला शेंगदाणे तीन किलो. नवा तांदूळ चिकट होतो. त्यात निम्मा जुना मिसळावा आणि पाणी बेताने घालावे. खिरीला पंधरा लिटर दूध आणि दोन किलो तांदूळ पुरतात. राशीत जे कमी पडेल तेवढेच संस्थेच्या निधीतून आणावे. भन्तेजींना भोजनदान मध्यान्हापूर्वी झाले पाहिजे, म्हणून चूल सकाळी सहाला पेटवावी. त्रिशरण-पंचशील साडेदहाला, भन्तेजींचे भोजन अकराला, त्यानंतर आपली पंगत.

तीनशे भाकऱ्या हा आकडा उच्चारायला सोपा आहे. दुसऱ्या वर्षी त्या सर्व आमच्या भगिनींनी थापल्या, आणि दोन वाजता त्या जेवायला बसल्या तेव्हा खीर संपली होती. समतेच्या जेवणात ही आमची समता! आता नियम असा आहे. भाज्या चिरणे, पाणी भरणे, भांडी घासणे पुरुषांकडे. वाढणे विद्यार्थ्यांकडे. ज्यांनी चुलीजवळ काम केले त्यांची पंगत पहिली. गेल्या वर्षी काही पुरुषांनी भाकरी थापून पाहिली. भाकऱ्यांना कोपरे आले, पण त्या संपल्या.

जेवणानंतर आम्ही पवारणेचा अर्थ आपल्या परीने घेतला. गृहस्थांचा तो विधी नव्हे, हे भन्तेजींनी आम्हाला समजावले. परंतु दोष विचारण्याची वृत्ती आपण घेऊ शकतो. कार्यकारिणीच्या सर्व सदस्यांनी सभेपुढे उभे राहून विचारले, की वर्षभरात आमचे काय चुकले ते सांगा. बराच वेळ कोणी बोलेना. मग धुणीभांडी करून दोन मुलींना शिकवणाऱ्या एक ताई उठल्या. त्या म्हणाल्या, “तुम्ही म्हणालात, मोजणार नाही. मग सकाळी ज्यांनी पोती दिली त्यांची नावे माईकवरून कशी वाचली? मी ओंजळभर मूग आणले होते. नावे वाचली तेव्हा माझी मुलगी माझ्याकडे बघत होती.”

आमच्याकडे उत्तर नव्हते. यादी आम्हीच लिहिली होती आणि आम्हीच वाचली होती. सवयीने. आम्ही सभेपुढे क्षमा मागितली. त्या दिवसापासून धान्याची नावे वाचली जात नाहीत, आणि या स्मरणिकेतही तुम्हाला ती यादी सापडणार नाही. कोणी विचारेल, दात्यांची नावे नसतील तर दान कोण देणार? तिसऱ्या वर्षीची रास आधीच्या वर्षीपेक्षा मोठी होती, एवढेच सांगतो.

तिसऱ्या वर्षी शेजारच्या वस्तीतील मातंग आणि चर्मकार बांधव कुटुंबांसह आले. कचेरीतले चार सहकारी आले. त्यांतले दोघे जेवले, एकाने उपवास असल्याचे सांगितले, एकाने फक्त चहा घेतला. उपवास खरा असेलही. आम्ही आग्रह केला नाही आणि रागही धरला नाही. यंदाही त्यांना बोलावणार आहोत.

परंतु विद्यार्थी मित्रांनो, एका भ्रमात राहू नका. एकत्र जेवल्याने जात जात नाही. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या प्रबंधात बाबासाहेबांनी हे स्पष्ट सांगितले आहे. सहभोजनाने जातीची भावना मेलेली नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह, आणि त्याच्याही मुळाशी जाऊन शास्त्रांवरील श्रद्धा नष्ट केली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. मग आपण जेवणे का घालतो? कारण जो शेजाऱ्याच्या ताटाशेजारी बसायला बिचकतो, तो पुढच्या पायरीवर पाय ठेवणारच नाही. सहभोजन हा शेवट नव्हे. ती उंबरठ्यावरची पायरी आहे, आणि तिच्यावरच बसून राहू नये, एवढे भान ठेवले पाहिजे.

आमची एक सूचना आहे. उषवदाताचा धडा गिरवून संस्थेने छोटीशी कायम ठेव ठेवावी. मुद्दल मोडायचे नाही. व्याजातून राशीत कमी पडणारा तांदूळ आणावा, आणि उरेल त्यातून गरजू विद्यार्थ्यांना वह्या-पुस्तके द्यावीत. रक्कम कितीही लहान असली तरी चालेल. कार्यकारिणीने यावर विचार करावा.

शेवटी आबांविषयी. दुसऱ्या वर्षी ते आले, पण राशीपासून दूर खुर्ची टाकून बसले. जेवले आणि न बोलता गेले. तिसऱ्या वर्षी सकाळी सातला ते नातवाच्या मोटारसायकलवरून उतरले. मांडीवर बाजरीची छोटी पिशवी होती. नातवाने ती उचलायला हात पुढे केला, तेव्हा आबांनी तो बाजूला सारला. स्वतः चालत सतरंजीपर्यंत गेले आणि उभ्यानेच पिशवी राशीत ओतली. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “मातेरे नाही हे. निवडून आणलंय.”

यंदाच्या आश्विन पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी सर्वांनी सहकुटुंब, सहपरिवार यावे. मित्रांना आणावे, आणि ते मित्र आपल्या गल्लीबाहेरचे असावेत, अशी विनंती करतो. ओंजळभर आणले तरी पुरे.

नमो बुद्धाय! जय भीम!