भुलीच्या यंत्रातील प्राणवायू

भूल दिलेल्या प्रौढ मनुष्याच्या शरीराला मिनिटाला साधारणतः २५० मिलिलिटर प्राणवायू पुरतो. म्हणजे जेमतेम पेलाभर. तथापि भुलीच्या यंत्रातून मिनिटाला पाच-सहा लिटर वायू सोडण्याची जुनी वहिवाट अनेक शस्त्रक्रियागृहांत अद्याप आढळते. मग उरलेला जातो कोठे, असे श्रोते विचारतील. तो नळीवाटे बाहेरच्या हवेत जातो.

मोठ्या नळकांड्यात सुमारे ७००० लिटर प्राणवायू मावतो. मिनिटाला ६ लिटर या हिशेबाने ते १९ तासांत रिते होते. १ लिटर या हिशेबाने ११६ तास चालते. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या साथीत एकेका नळकांड्यासाठी नातलगांनी केलेली वणवण ज्यांनी पाहिली, त्यांना हा फरक निराळा समजावून देण्याची गरज नाही.

वस्तुतः प्राणवायू स्वस्त आणि हवेला निरुपद्रवी आहे. खरी हानी त्याच्या सोबत्याची. प्रवाह जितका मोठा, तितकी भुलीच्या द्रव्याची महागडी वाफही त्याच्यासवे वाया जाते. डेसफ्लुरेन या द्रव्याची उष्णता कोंडण्याची शक्ती, शंभर वर्षांच्या मापाने, तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २५०० पट आहे. म्हणूनच युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून त्याचा नित्याचा वापर बंद केला.

उपाय नवा नाही. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड चुन्याच्या मिश्रणात शोषून तीच वाफ रुग्णाला पुन्हा देण्याची रीत अमेरिकेतील राल्फ वॉटर्स यांनी १९२४ सालीच मांडली होती. चुन्याचा खर्च वाढतो हे खरे. पण महागड्या वाफेपुढे तो थोडा.

एक गळती मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. काही यंत्रांत फुप्फुसे फुलविणारा भाता प्राणवायूच्याच दाबाने हालतो. हा प्राणवायू रुग्णापर्यंत पोहोचत नाही, प्रवाहमापकावर दिसत नाही, आणि नळकांडे मात्र उतरत राहते. यंत्राची तशी सोय असल्यास तेथे दाबाखालची साधी हवा जोडता येते.

काटकसरीलाही मर्यादा आहे. भूल देण्यापूर्वी काही मिनिटे रुग्णाला भरपूर प्राणवायू दिलाच पाहिजे. तेथे हात आखडता घेणे म्हणजे जिवाशी खेळ. प्रवाह कमी ठेवावयाचा तर प्राणवायूचे प्रमाण दाखविणारे मापक सतत चालू हवे. रुग्णालयातच हवेतून प्राणवायू वेगळा करणाऱ्या संयंत्रात तर तो सुमारे ९३ टक्केच शुद्ध असतो; त्यातला आर्गॉन बंद नळ्यांत साचत जातो, आणि मधून मधून प्रवाह वाढवून तो धुऊन काढावा लागतो.