खरेदीचे व्यसन : एका कारकुनाचा जाहीर हिशेब

(देवस्थानच्या वार्षिक उत्सवात सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला कुलाचारावर बोलावयास सांगितले होते. मी विषय बदलून मागितला आणि समितीने तो दिला, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. हा शब्द अलीकडे मी जपून वापरतो. कारण आज जे मांडावयाचे आहे ते ऋणाविषयीच आहे, आणि तेही माझ्या स्वतःच्या.

आपण मला हिशेबाचा माणूस म्हणून ओळखता. लिसेंवमध्ये शिकलो, पुढे सारी हयात कचेरीत जमाखर्चाची पाने भरण्यात गेली. चार आण्यांचा फरक राहिला तरी तो सापडेपर्यंत घरी न जाणारा कारकून, अशी माझी ख्याती. असा मनुष्य कर्जबाजारी होईल हे मलाही कोणी सांगितले असते तर पटले नसते.

आरंभ ग्वाल्हेरीस झाला. माझ्या चिरंजीवाचे बिऱ्हाड तेथे फूलबागेजवळ आहे. निवृत्तीनंतर एका हिवाळ्यात आम्ही उभयता त्याच्याकडे राहावयास गेलो. माधवराव शिंदे यांनी १९०५ साली सुरू केलेला व्यापार मेळा त्या शहरात दर हिवाळ्यात भरतो. आपल्या जत्रेची फेरी शंभरपट वाढवावी, असा त्याचा पसारा. लोकरीचे कपडे, गालिचे, चिनी मातीची भांडी, इतकेच काय, मोटारीसुद्धा. मेळ्यात घेतलेल्या वाहनाच्या करात शासनाने अनेक वर्षी निम्मी सूट दिली आहे, म्हणून गाडी घेणारे मेळ्याची वाट पाहत थांबतात. त्यात गैर काही नाही. ज्याला गाडी हवीच होती त्याचे पैसे वाचतात. मला मात्र काहीच नको होते, आणि तरी मी रोज जात होतो.

पहिल्या दिवशी एक घोंगडी घेतली. गोव्याच्या हवेत घोंगडी! कचेरी सुटल्यापासून दुपार मला खायला उठत असे. त्या दुकानदाराने 'आइए बाबूजी' म्हणून खुर्ची पुढे केली, आणि कित्येक महिन्यांनी कोणीतरी आपली वाट पाहत होते असे वाटले. वस्तू हाती येईपर्यंत एक हुरूप असे. घरी पोहोचेपर्यंत तो विरलेला असे. गावी परतल्यावर मेळा नव्हता, पण दूरध्वनी होता. दूरध्वनीतील बाजाराला हिवाळा लागत नाही. पुडकी येऊ लागली. मी ती पत्नी देवळात गेलेली असताना माळ्यावर चढवू लागलो. पुढे पुढे उघडीनासा झालो. त्यांत एकाच नमुन्याच्या तीन समया निघाल्या, यावरून काय ते समजावे.

वस्तू लपविणे, किंमत कमी करून सांगणे, मागवताना सुख आणि आल्यावर कंटाळा : ही लक्षणे आज मी ओळखतो. एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभीच या विकाराचे 'ओनिओमेनिया' या नावाने वर्णन केले होते. म्हणजे हे केवळ आजच्या पिढीचे खूळ नव्हे. तरुणांना उधळे म्हणणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

कर्ज म्हटले की आपणांस लग्न, मुंज, समाराधना आठवते. मलाही तसेच वाटे. पण १८७५ साली भीमथडीतील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगे पेटले, तेव्हा नेमलेल्या चौकशी समितीने लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते, असे मत नोंदविले. पोटापाण्यासाठी, बी-बियाण्यासाठी, सारा भरण्यासाठी वरचेवर काढलेल्या लहान रकमा आणि त्यांवरचे व्याज यांनीच शेतकरी बुडत होता. त्या गरिबांची गरज खरी होती, माझी खोटी. तेव्हा ही तुलना करताना मला संकोच वाटतो. परंतु बुडण्याची रीत तीच. माझ्या वहीत एकही मोठी रक्कम नव्हती. तीन कार्डे आणि चार ॲपे मिळून ३,१२,४०० रुपये झाले होते. कार्डावर 'किमान देय रक्कम' भरून मी निश्चिंत राहत असे. उरलेल्या रकमेवर दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे सरळ हिशेबानेही वर्षाला बेचाळीस टक्के व्याज चढते, हे गणित मला येत नव्हते असे नाही. मी ते करीत नव्हतो.

आता जे सांगावयाचे ते सांगतो. त्या वर्षी कालोत्सवाची वर्गणी माझ्या घरी होती. ४६,००० रुपये, कपाटात, पेटीत. दुसऱ्या दिवशी नऊ हजारांचा हप्ता होता आणि वसुलीवाल्याने मुलाला कळविण्याची धमकी दिली होती. पेन्शन यावयास दोन दिवस होते. मी पेटी उघडली, नऊ हजार मोजून बाजूला काढले. इतक्यात पत्नीने दिवेलागणीला हाक मारली. मी नोटा परत ठेवल्या. देवाचा पैसा हलला नाही, समितीने हिशेब तपासलेला आहे. पण हात गेला होता. गुडघेदुखीची सबब सांगून दुसऱ्याच दिवशी मी किल्ली खजिनदारांच्या स्वाधीन केली, आणि श्रावणात ग्वाल्हेर गाठले.

फूलबागेत माधवरावांनीच बांधविलेले गोपाळ मंदिर आहे. शेजारी मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज. तेथील राधाकृष्णाचे कोट्यवधी रुपयांचे अलंकार वर्षभर बँकेच्या तिजोरीत असतात. जन्माष्टमीला ते पोलीस बंदोबस्तात आणतात, यादीशी ताडून मूर्तींवर चढवितात आणि उत्सव आटोपताच मोजून परत नेतात. गर्दीत उभा राहून मी पाहत होतो. देवाच्या अंगावरचा मोतीदेखील यादीवाचून राहत नाही. आणि माझ्या माळ्यावर काय आहे ते मलाही माहीत नव्हते. त्या रात्री बागेबाहेरच्या कट्ट्यावर मी मुलाला सगळे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, आईला तुम्ही सांगणार, की मी?" मी सांगितले. त्या प्रसंगाचे वर्णन करीत नाही.

पुढचे काम कारकुनी होते, म्हणून जमले. सारी देणी एका पानावर लिहिली, सर्वांत चढ्या व्याजाचे आधी फेडावयास घेतले. कार्डे कापली, ॲपे काढून टाकली. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घातलेले निर्बंधही तेव्हाच वाचले : कर्ज देण्यापूर्वी एकूण वार्षिक खर्च लेखी कळविला पाहिजे, आणि वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी वा सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करता येत नाही. हे ठाऊक असते तर कित्येक रात्री मला झोप लागली असती. एका मानसोपचारतज्ज्ञाकडेही सहा महिने गेलो. लाज वाटत होती. पण या विकारावर हमखास गोळी नाही, बोलून आणि सवय मोडूनच उपचार होतो. ज्यांना कोठे जावे कळत नाही, त्यांच्यासाठी शासनाचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक २०२२ पासून आहे. तो कृपया टिपून घ्यावा.

मी सुधारलो असे आपण समजू नये. गेल्या दिवाळीत पुन्हा एक आकाशकंदील मागविला, आणि तोही लपविला. पत्नीला दोन दिवसांनी सांगितले. पूर्वी सांगतच नसे. रोज रात्री ती वही वाचते, मी समोर बसतो. अजून ८८,००० रुपये देणे आहे.

समितीपुढे माझा एक अर्ज आहे. वर्गणीच्या पेटीला दोन कुलुपे असावीत आणि किल्ल्या दोन वेगळ्या घरांत राहाव्यात, मग ते घर कितीही प्रामाणिक असो. नवी पेटी मी करवून आणली आहे. पत्नीला विचारून, रोखीने. ती बाहेर चौकात ठेवली आहे.