आधी विचारा, मग ओढा

लिनक्सवर काम करणाऱ्या अनेकांना हा अनुभव आला असेल. पेन ड्राइव्ह काढायला जावे, तर संगणक म्हणतो, 'टार्गेट इज बिझी'. तो अजून कामात आहे. आपण चिडतो आणि हिसका देऊन तो ओढतो. पण हा संगणकाचा हट्ट नव्हे, ती आपल्याच मजकुराची राखण असते.

फाइलची नक्कल पुरी झाली असे दिसते, तेव्हाही मजकूर पुष्कळदा संगणकाच्या मेमरीतच असतो. पेन ड्राइव्हवर तो थोड्या वेळाने उतरतो. त्याआधी ओढला, तर वर्षभराच्या कविता अर्ध्याच उरायच्या! म्हणून प्रथम 'सिंक' ही आज्ञा द्यावी. ड्राइव्ह कोणी धरून ठेवला आहे, हे 'एलएसओएफ' किंवा 'फ्यूजर' सांगते. बहुधा एखादी उघडी फाइल निघते, नाहीतर त्याच फोल्डरात उभे असलेले टर्मिनल. ते बंद केले की 'यूमाउंट' मुकाट्याने होते.

खरी पंचाईत नेटवर्कवरच्या डिस्कची. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस आणले. त्यामुळे दूरच्या संगणकावरचे फोल्डर घरचेच वाटू लागले. पण तो सर्व्हर बंद पडला, तर नेहमीच्या 'हार्ड' जोडणीत आपला प्रोग्राम उत्तराची वाट पाहत बसतो. डिस्कवरची जागा सांगणारी साधी 'डीएफ' आज्ञाही तिथेच अडकते. अशा वेळी आधी नेटवर्क आणि सर्व्हर तपासावा. तो परतला, तर थांबलेले काम पुढे सुरू होते. 'सॉफ्ट' जोडणी काही प्रयत्नांनंतर एरर देऊन मोकळी होते. पण प्रोग्रामने तिकडे लक्ष दिले नाही, तर फाइल अपुरी राहते आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

सर्व्हर परतणारच नसेल, तर 'यूमाउंट'ला 'एफ' हा पर्याय जोडावा. ही सक्ती आहे. रखडलेला मजकूर तिच्यात जाऊ शकतो. तेही न जमल्यास 'एल'. मात्र 'एल'ने दारावरची पाटी तेवढी उतरते. आतले बिऱ्हाड, म्हणजे उघड्या फाइली, काम संपेपर्यंत तिथेच असते. म्हणून पेन ड्राइव्हला 'एल' लावून तो लगेच उपसू नये.

आधी कोण अडून बसले आहे ते विचारावे, मग थोडे थांबावे, आणि मजकुराची दुसरी प्रत हाताशी असेल तरच सक्ती करावी.