डोमेन नाव कोणाच्या नावावर?

जमिनीच्या नोंदीचे महत्त्व ग्रामीण भागात कोणास समजावून सांगावे लागत नाही. खरेदीखत झाले की फेरफाराची नोंद पडली किंवा नाही हे शेतकरी जातीने पाहतो आणि सातबाऱ्यावर आपले नाव वाचल्याखेरीज स्वस्थ बसत नाही. हाच जागरूक शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक होतो, मालाच्या खोक्यांवर संकेतस्थळाचा पत्ता छापून घेतो; परंतु तो पत्ता, म्हणजे डोमेन नाव, कोणाच्या नावावर नोंदलेले आहे हे पाहावयाचे मात्र राहून जाते. व्यवसायाचा लौकिक ज्या नावाशी जोडला जातो, त्या नावाचा हा जणू सातबाराच होय.

मालकी नव्हे, मुदतीचा हक्क

डोमेन नाव कायमचे विकत मिळत नाही. नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे, म्हणजे रजिस्ट्रारकडे, शुल्क भरून ते एक ते दहा वर्षांसाठी घेता येते व पुढे त्याचे नूतनीकरण करावे लागते. डॉट कॉमसारख्या नावांच्या जागतिक व्यवस्थेचा समन्वय १९९८ मध्ये स्थापन झालेली आयकॅन ही संस्था करते. डॉट इन आणि डॉट भारत या नावांची व्यवस्था भारतात नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, पाहते. देवनागरीतील डॉट भारत नावे २०१४ पासून उपलब्ध झाली असून मराठीतूनही नाव नोंदविता येते.

या व्यवस्थेत धारक म्हणून ज्याची नोंद, त्याचा हक्क. आणि नोंदणीचे ई-मेल व परवलीचा शब्द ज्याच्या हाती, त्याचा प्रत्यक्ष ताबा. संकेतस्थळासाठी पैसे कोणी मोजले, हे रजिस्ट्रारच्या दप्तरात दिसत नाही.

नाव हातचे जाते कसे?

समजा, एका महिला बचत गटाने मसाल्यांच्या विक्रीसाठी संकेतस्थळ करवून घेतले. काम करणाऱ्या तरुणाने सोयीसाठी स्वतःच्याच नावाने, स्वतःच्याच ई-मेलवरून नोंदणी केली. पुढे तो नोकरीनिमित्त परगावी गेला, त्याचा दूरध्वनी क्रमांकही बदलला. त्याच्या मनात काही वाईट असेलच असे नाही. पण नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या बंद पडलेल्या ई-मेलवर जात राहतात आणि एके दिवशी संकेतस्थळ दिसेनासे होते. पाकिटांवर छापलेला पत्ता तसाच राहतो, गिऱ्हाईक मात्र दारातून परत जाते.

मुदत विसरण्याची चूक मोठ्यांच्याही हातून होते. १९९९ च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीकडून पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे नूतनीकरण राहून गेले आणि हॉटमेलच्या अनेक ग्राहकांना आपले टपाल उघडता येईना. अखेर एका त्रयस्थ संगणकतज्ज्ञाने ३५ डॉलर पदरचे भरून ती अडचण दूर केली. असा सज्जन दर वेळी भेटेलच, याचा भरवसा धरता येत नाही.

डॉट कॉमसारखे नाव मुदत संपून रद्द झाले, तरी मूळ धारकास ते परत घेण्यासाठी सामान्यतः ३० दिवस मिळतात. पण त्यासाठी जादा शुल्क पडते. त्यानंतर ते कोणासही घेता येते. काही रजिस्ट्रार तर त्यापूर्वीच मुदत संपलेल्या नावाचा लिलाव करतात.

कायद्याचा आधार

कोणी नामसाधर्म्याचा गैरफायदा घेतल्यास दाद मागता येते. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफ या नावाशी केवळ एका इंग्रजी अक्षराचा फरक असलेले ‘रॅडिफ’ हे डोमेन नाव वापरण्यास मनाई केली. सत्यम इन्फोवे कंपनीच्या प्रकरणात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, डोमेन नाव हा केवळ पत्ता नसून व्यवसायाची ओळखही असते आणि व्यापारचिन्हाप्रमाणे तिला संरक्षण मिळू शकते. डॉट इन नावांच्या तंट्यांसाठी निक्सीची लवादपद्धतीही आहे. तेथे मुख्यतः तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नावातील फसवे साम्य, प्रतिपक्षास त्या नावावर रास्त हक्क नसणे आणि त्याचा अप्रामाणिक हेतू.

तथापि या आधारालाही मर्यादा आहेत. गावाचे नाव किंवा ‘हापूस’सारखा सर्वांचा शब्द एकट्याचा म्हणून सांगता येणे कठीण. म्हणून वेगळे, ओळखू येणारे नाव निवडावे व त्याची व्यापारचिन्ह म्हणूनही नोंदणी करावी. ती दहा वर्षे चालते व पुढे वाढविता येते.

सावधगिरीचे उपाय

उपाय साधे आहेत. नोंदणी संस्थेच्याच नावाने व संस्थेच्याच ई-मेलवर करावी. काम देताना ‘डोमेन नाव संस्थेचे राहील’ असे करारात लिहून घ्यावे व शुल्काच्या पावत्या जपाव्यात. शक्य तर अनेक वर्षांचे शुल्क एकदम भरावे, आपोआप नूतनीकरणाची सोय घ्यावी आणि नाव परस्पर दुसरीकडे हलविता येऊ नये म्हणून हस्तांतरणाचे कुलूप चालू ठेवावे. ‘आपली मुदत संपत आहे, त्वरित पैसे भरा’ अशी पत्रे भलत्याच कंपनीकडूनही येतात. पैसे आपल्याच रजिस्ट्रारकडे भरावेत.

शाळा व पंचायती यांनी तर याबाबत अधिक दक्ष राहावयास हवे. मुख्याध्यापकांची बदली होते तेव्हा किल्ल्या, दप्तर आणि जडवस्तूंची नोंदवही यांची यादी करून कार्यभार दिला जातो. त्या यादीत डोमेन नाव, रजिस्ट्रारचे नाव, मुदतीची तारीख आणि खात्याचा ताबा एवढी एक ओळ वाढविली, तरी व्यक्ती बदलल्याने संस्थेचे नाव हरवणार नाही.

बचत गटाने पापड-मसाल्यांवर मिळविलेला विश्वास वर्षानुवर्षांच्या कष्टांचा असतो. तो ज्या नावावर जमा होतो, त्या नावाची नोंद कोणाच्या नावावर आहे, हे गटाच्या पुढच्याच बैठकीत पाहून घेणे श्रेयस्कर होय.